मला भोवळ येते

मी लातूरला एका शाळेत विज्ञान शिकवते. वय पन्नाशीला टेकलं आहे. मला भोवळ येते. हे वाक्य आज मी कुणासमोरही म्हणू शकते, पण एक काळ असा होता की ते तोंडातून निघू नये म्हणून आमचं अख्खं घर जपत होतं. ज्यांच्या घरात कुणी असं मधूनच पडतं आणि जे घाबरून गप्प बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. व्हायचं होतं. ते राहून गेलं, तेही यात येईल.

भूकंपाच्या आठवड्यात

माझं माहेर नांदेडकडच्या उमरीचं. अप्पांचं तिथे किराणा दुकान होतं. दहावीला मला चांगले मार्क पडले, तेव्हा अप्पांनी मला अकरावीसाठी लातूरच्या वसतिगृहात ठेवलं. लातूरच्या शिकवण्यांचं नाव तेव्हा नुकतंच व्हायला लागलं होतं. "पोरगी डॉक्टर झाली तर उमरीत दवाखाना टाकू," असं अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे.

कॉलेज सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते आणि एका पहाटे जमीन हलली. आमच्या इमारतीला काही झालं नाही. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या आल्या, आणि मग जीप, ट्रक, मिळेल त्या गाडीतून जखमी माणसं लातूरच्या दवाखान्यात यायला लागली. तिसऱ्या दिवशी आमच्या एक मॅडम आम्हा दहा-बारा मुलींना तिथे मदतीला घेऊन गेल्या. माझ्याकडे बादली आणि ग्लास. आवारात बसलेल्या लोकांना पाणी द्यायचं, एवढंच काम.

घरात झोपायची भीती वाटत होती म्हणून आम्ही दोन रात्री मैदानात बसून काढल्या होत्या. त्या सकाळी मी काही खाल्लंही नव्हतं. तीन-चार तास उन्हात उभी होते. समोर एक डॉक्टर एका बाईच्या पायाची पट्टी सोडत होते, आणि ती चिकटली होती. ती बाई ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

आधी मला जांभया आल्या. मग तळहात ओले झाले. कान बंद झाल्यासारखे, सगळे आवाज लांब गेल्यासारखे. समोरची पांढरी भिंत पिवळी झाली, मग राखाडी. बादली खाली ठेवावी असं मनात आलं. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी खुर्चीत होते आणि दोन मैत्रिणींनी मला दोन्ही बाजूंनी धरून ताठ बसवलं होतं. कुणीतरी नाकाला चप्पल लावली होती. मी पुन्हा गेले. पुन्हा शुद्ध आली, पुन्हा गेले. दुसऱ्या वेळेला माझे हात झटकले म्हणे. एक मैत्रीण किंचाळली, "हिला फिट आली!"

तो शब्द तिथून माझ्यामागे लागला.

"लई वेळ"

दुसऱ्या दिवशी अप्पा एसटी बदलत बदलत लातूरला पोचले आणि मला नांदेडला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "हातपाय झाडले का?"

"हाव, झाडले म्हणते तिची मैत्रीण," अप्पा म्हणाले.

"बेशुद्ध किती वेळ होती?"

"लई वेळ, डॉक्टरसाहेब. लई वेळ."

अप्पा तिथे नव्हतेच. मैत्रिणीनेही घड्याळ पाहिलं नव्हतं. पण ज्याची पोरगी भूकंपाच्या गावात पडली होती, त्या बापाला तो वेळ लईच वाटणार. आधी काय झालं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आठवीत असताना पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर उभी राहून मी अशीच पडले होते, तेही सांगायचं सुचलं नाही. त्या वेळी आई म्हणाली होती, उपाशी गेली म्हणून पडली, आणि विषय तिथेच संपला होता.

मेंदूचा आलेख काढला. त्यात काही निघालं नाही. कधी कधी निघत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि फिटच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आम्ही जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. नातेवाइकांना मात्र "भूकंपाचा धसका घेतला" एवढंच सांगितलं गेलं. ते सगळ्यांना पटलं, कारण त्या वर्षी कुणाला धसका बसला नव्हता?

गोळ्या

उमरीतल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून अप्पा दर महिन्याला नांदेडला जायचे आणि जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा दुकानातून गोळ्या घ्यायचे. मग तूरडाळीच्या पिशवीत घालून लातूरला आणून द्यायचे. "घेऊन राहिली ना रोज?" एवढंच विचारायचे. मी मान हलवायची.

गोळ्यांनी मला झोप यायची. शिकवणीला एका हॉलमध्ये शंभर-दीडशे पोरं, फळ्यावर एकामागून एक गणितं, आणि मी वहीवर रेघ ओढता ओढता पेंगायची. बारावीला मार्क कमी पडले, मेडिकल हुकलं. ते सगळं गोळ्यांच्या माथी मारणं इमानदारीचं होणार नाही. माझ्याहून हुशार मुलींचंही हुकलं. पण मनात तो हिशेब बरीच वर्षं होत राहिला, हे खरं.

आणि गोळ्या घेऊनही मी पडतच होते. एकदा फॉर्म भरायच्या रांगेत, एकदा मामेबहिणीच्या लग्नात गर्दीत उभी असताना. प्रत्येक वेळी डॉक्टर गोळी वाढवायचे. गोळी वाढते आहे आणि पडणं थांबत नाही, म्हणजे कुठेतरी चुकतंय, असा साधा विचार विज्ञान शिकलेल्या मला आला नाही. भीतीत माणूस आकडेमोड विसरतो.

लग्न

बी.एड. झालं आणि लातूरचं स्थळ आलं. महेश एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवायचे. तोवर लातूर पार बदललं होतं. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या, घरोघरी भाड्याने राहणारे विद्यार्थी. महेशच्या घरीही वरच्या तीन खोल्यांत मुली राहायच्या आणि माझ्या होणाऱ्या सासूबाई त्यांचे डबे करायच्या. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत.

बैठकीच्या आदल्या दिवशी अप्पा मला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. "हे बघ संगीता, तोंड उघडू नको. पोरगी फिटची हाय म्हटल्यावर आपला उंबरा कोण चढंल? जिम्मा माझा. पाप लागलं तर मला लागंल."

मी तोंड उघडलं नाही. लग्न झालं. बांगड्यांच्या डब्यात खाली गोळ्या, वर बांगड्या. जेवण झालं की आत जायचं, कोरडीच गोळी गिळायची आणि बाहेर येऊन भांडी आवरायची. महेश चांगले होते, तेच अवघड होतं. ते वाईट असते तर लपवणं सोपं गेलं असतं.

अव्वांसमोर

दोन वर्षांनी अव्वा मला बायकांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मूल का होत नाही, याची चौकशी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर आत्ताच सांगा. बाळाच्या दृष्टीने ते माहीत असायला हवं."

अव्वा शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"नाहीत," मी म्हणाले.

मग रक्त तपासायला पाठवलं. सुई टोचली, नळीत रक्त चढताना मी पाहिलं, आणि जांभई आली. मला कळलं, आता काय होणार ते. "झालं, उठा," असं ती तपासणारी मुलगी म्हणाली, मी उठले आणि अव्वांच्या पायाशी पडले.

शुद्धीवर आले तेव्हा मी फरशीवर आडवी होते. ती मुलगी मला बगलेत धरून उठवायला बघत होती आणि अव्वा तिला सांगत होत्या, "थांब जरा. पडून राहू दे तिला. उचललं की पुन्हा पांढरी पडायलीय, दिसंना का तुला?"

रिक्षात त्यांनी विचारलं, "असं आधी व्हायचं का गं?"

"नाही," मी म्हणाले. एका सकाळी दोनदा खोटं.

ते मला पेललं नाही. उद्या दिवस राहिले आणि बाळाचं काही बरंवाईट झालं तर, हा विचार डोक्यातून जाईना. रविवारी दुपारी महेश क्लासचे पेपर तपासत बसले होते. मी बांगड्यांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि बांगड्या बाजूला केल्या. भूकंपापासून सगळं सांगितलं.

त्यांनी लाल पेनला टोपण लावलं. मग विचारलं, "अप्पांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तू दोन वर्षं रोज माझ्याबरोबर जेवून, आत जाऊन..." स्कूटर काढली आणि निघून गेले. संध्याकाळी परत आले, पण पुढचे चार दिवस घरात कामापुरतंच बोलणं. त्यांनी अव्वांना सांगितलं. मी एका पिशवीत दोन साड्या भरून ठेवल्या. कुणी 'जा' म्हणण्याआधी तयार असावं म्हणून.

पाचव्या दिवशी अव्वा स्वयंपाकघरात आल्या. मुलींच्या डब्यांच्या पोळ्या चालल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून लाटणं घेतलं आणि लाटता लाटता म्हणाल्या, "माझ्या दिराला फिट यायची. याच घरात. डोळे वर जायचे, अंग लाकडासारखं व्हायचं, जीभ चावून तोंडातून रगत. शुद्धीवर आला तरी तासभर माणूस वळखायचा न्हाई. बारा वर्षं मी त्याचं केलंय." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "तुझं तसं न्हाई. तू डोळे उघडलेस आणि पहिल्यांदा पदर सारखा केलास. फिटवाल्याला पदर सुचत नसतो. ती पिशवी सोड आणि चल, नीट दाखवू. म्या काय पाहिलं ते म्या सांगते."

हैदराबादचा पलंग

लातूरच्या नव्या डॉक्टरांनी आधीची फाइल बाजूला ठेवली. "फिट हा शब्द सोडा. पडायच्या आधी काय होतं, सुरुवातीपासून सांगा," म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हे विचारत होतं. जांभया, ओले तळहात, बंद कान, पिवळी भिंत, सगळं सांगितलं. मग त्यांनी अव्वांना विचारलं, आणि अव्वांनी साक्ष द्यावी तसं सांगितलं: आधी ओठ पांढरे झाले, मग घाम, मग पडली, आडवी झाल्यावर मिनिटभरात शुद्ध, उठवायला गेलं की पुन्हा पांढरी. डॉक्टर लिहून घेत होते. "आजी, तुम्ही माझं अर्धं काम केलंत," म्हणाले.

छातीचा कार्डिओग्राम काढला, आडवं आणि उभं करून रक्तदाब घेतला, आणि आम्हाला हैदराबादला एका तपासणीसाठी पाठवलं. ती तपासणी अशी: पलंगावर झोपवून पट्ट्यांनी बांधतात आणि मग पलंगच उभा करतात. तसंच उभं राहायचं आणि वाट बघायची. काचेपलीकडे महेश उभे होते. आठवडाभरात आमच्यात शंभर शब्द झाले नसतील.

वीसेक मिनिटं काहीच झालं नाही. मला वेगळीच भीती वाटायला लागली. आज पडलेच नाही तर? मग जांभई आली.

"काय होतंय?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"येतंय. कान बंद व्हायलेत."

पलंग पुन्हा आडवा केला तेव्हा पहिला चेहरा महेशचा दिसला. ते आत आले होते, आणि त्यांनी माझा घोटा धरला होता. हात पट्टीत होते ना, मग जे हाताला लागलं ते धरलं, असं ते नंतर म्हणाले.

डॉक्टरांनी आम्हाला कागदावरची रेघ दाखवली. नाडी एकदम मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं. माणूस पडतो आणि आडवा झाला की रक्त पुन्हा पोचतं. कुणी त्याला उभं किंवा बसतं धरून ठेवलं तर ते पोचत नाही, आणि मग हातपाय झटकू शकतात. "साधी भोवळ आहे. पुष्कळांना येते. तुम्हाला जरा जास्त येते."

"मग फिट?" महेशनी विचारलं.

"मला तरी दिसत नाही. गोळ्या हळूहळू कमी करू. एकदम बंद करायच्या नाहीत."

परतीच्या गाडीत बीदरपर्यंत मी हसत होते. उदगीर गेलं आणि रडायला लागले. नऊ वर्षं, हुकलेलं मेडिकल, पेंगत काढलेले तास, सगळं एकदम वर आलं. महेशनी समजूत काढली नाही. शेजारी बसून राहिले आणि लातूर रोडला चहा आणून दिला. त्यावेळी तेवढंच बरोबर होतं.

पडण्याआधी बसावं

भोवळ गेली नाही. ती आहे. पण आता मला तिची पावलं ओळखू येतात. जांभया आणि घाम आला की मी लाज सोडून खाली बसते, जमलं तर आडवी होते आणि पाय कशावर तरी वर ठेवते. लग्नाच्या मांडवात, बँकेत, पालकसभेत, सगळीकडे आडवी झाले आहे. लोक बघतात. बघू देत. आडवं व्हायला जागाच नसेल तर उभ्यानेच एक पाय दुसऱ्यावर आडवा घेऊन मांड्या आणि पोट घट्ट आवळते, मुठी वळते. त्याने पुष्कळदा वेळ निभावते. उपाशी घराबाहेर पडत नाही, पाण्याची बाटली सोडत नाही. मीठ थोडं जास्त खायला मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी माझं ऐकून ते करू नये. तपासणीला रक्त द्यायचं असलं की आधीच सांगते, "मला झोपवून घ्या." माझ्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणात नर्स हसायच्या, "आल्या बघा आडव्या बाई."

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. ज्यांना खरोखर फिट येते त्यांनी हे वाचून गोळी सोडू नये. त्यांची गोळी त्यांना सांभाळते, आणि फिट हा काही कलंक नाही. आणि पळताना, काम करताना, छातीत धडधडून किंवा झोपल्या जागी कुणी बेशुद्ध पडलं, तर त्याला भोवळ समजून घरी बसवू नका, डॉक्टरांकडे न्या. माझी भोवळ साधी निघाली, पण ती साधी आहे हे तपासल्यावरच कळलं.

पडलेल्या माणसाला उचलू नका. चप्पल नको, कांदा नको, तोंडावर पाणी नको. आडवं राहू द्या, पाय वर करा, आणि घड्याळ बघा.

अप्पा

गोळ्या सुटायला काही महिने गेले. शेवटची गोळी झाल्यावर मी उमरीला फोन केला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं म्या पोरीला काय खाऊ घालून राहिलो?"

मला राग होता, पण तो तोवर निम्मा झाला होता.

चार दिवसांनी ते न कळवता लातूरला आले. लग्नानंतर ते आमच्याकडे कधी टेकायचे नाहीत; पिशवी द्यायची, अर्धा कप चहा घ्यायचा आणि 'गाडी चुकंल' म्हणत निघायचं. त्या दिवशी ते सतरंजीवर बसले. महेश क्लासवरून येईपर्यंत बसूनच राहिले. ते आल्यावर अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्या लपवलं," अप्पा म्हणाले. "पोरीला म्याच तोंड बंद ठेवायला लावलं. तिचा दोष न्हाई. तुमी जे बोलाल ते म्या ऐकून घ्यायला आलोय."

महेशनी अव्वांकडे पाहिलं. अव्वा दारात उभ्या होत्या.

"तवा सांगितलं असतं तर आम्ही न्हाई म्हटलं असतं," अव्वा म्हणाल्या. "हे बी खरंच हाय."

अप्पांनी मान खाली घातली.

"माझ्या दिराचं लग्न लावलं, तवा आम्ही बी लपवलं होतं," अव्वा पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता. "देवणीकडची पोर होती. सहा महिन्यांत भिऊन माहेरी गेली ती गेली. तिला कुणी माफी मागायला गेलं न्हाई. म्या बी न्हाई."

वरच्या खोलीत मुली मोठ्याने पाठांतर करत होत्या. मग महेश उठले, त्यांनी अप्पांच्या मांडीवरची टोपी उचलून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "अप्पा, आज गाडी चुकू द्या."

मी ताटं घेतली. अप्पांना मी दोनदा भात वाढला. ते नको म्हणाले नाहीत.